डभोईच्या वाटेवर : उमाबाई दाभाडे यांचं जीवन

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


बडोद्याहून गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीच्या दर्शनाला निघालो की वाटेत डभोई लागतं. गाडी थांबते, कुणी चहा घेतं, कुणी मुलांना हिरा भागोळचं कोरीवकाम दाखवून आणतं, आणि मग आपण नामस्मरण करत नर्मदामाईकडे निघतो. डभोईच्या अलीकडे भिलापूर येतं, ते मात्र खिडकीतून कधी मागे पडतं ते कळतही नाही.

याच भिलापूर-डभोईच्या पट्ट्यात १ एप्रिल १७३१ या दिवशी मराठ्यांच्याच दोन फौजा एकमेकांवर तुटून पडल्या होत्या. एका बाजूला पेशवे बाजीराव, दुसऱ्या बाजूला सेनापती त्र्यंबकराव दाभाडे. दोघांचे छत्रपती एकच, शाहू महाराज. दोघांची भाषा एक, देव एक. संध्याकाळपर्यंत तरुण सेनापती मरून पडला होता, आणि तिकडे तळेगावात त्याची आई उमाबाई होती.

आजची चरित्रकथा या आईची आहे. घरातल्या मुलांनाही वाचून दाखवा.

*माहेर आणि सासर*

उमाबाईंचं माहेर नाशिककडचं, कळवणजवळच्या अभोण्याचं. वडील देवराव ठोके हे तिथले देशमुख. सप्तशृंगीचा गड तिथून जवळच, त्यामुळे वणीची आई ही माहेरची देवता. लग्न झालं ते तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांशी. आज पुण्याजवळच्या त्या गावाला आपण तळेगाव दाभाडे म्हणतो, ते याच घराण्यामुळे.

खंडेराव म्हणजे साधी असामी नव्हती. औरंगजेबाच्या आक्रमणाच्या काळात राजाराम महाराज जिंजीला गेले, तेव्हा सोबत गेलेल्या निष्ठावंतांत दाभाडे होते. पुढे शाहू महाराजांनी खंडेरावांना १७१७ मध्ये सेनापतिपद दिलं. गुजरातेत मराठ्यांचा पाय रोवला तो मुख्यतः त्यांच्या स्वाऱ्यांनी. बडोद्याच्या गायकवाडांचे पूर्वज दमाजी आणि त्यांचे पुतणे पिलाजी हे दाभाड्यांच्याच हाताखालचे सरदार. म्हणजे आपण बडोदेकर ज्या राजघराण्याचं नाव अभिमानाने घेतो, त्याची मुळं तळेगावच्या वाड्यात आहेत.

वणीच्या गडावर चढणाऱ्या भाविकांचे हाल उमाबाईंनी लहानपणापासून पाहिलेले असणार. १७१० मध्ये त्यांनी गडावर दगडी पायऱ्या बांधून घेतल्या, जवळजवळ चारशे सत्तर. आपल्यापैकी कितीतरी जण त्या वाटेने देवीपर्यंत पोहोचले असतील. बांधणाऱ्या बाईंचं नाव मात्र चढताना फार थोड्यांना माहीत असतं.

तळेगावचा वाडा दानधर्मासाठीही प्रसिद्ध होता. विद्वान ब्राह्मणांना दरवर्षी दक्षिणा देण्याची प्रथा दाभाड्यांकडे होती. पुढे ती पुण्यात पेशव्यांनी चालवली.

उमाबाईंना तीन मुलगे झाले : त्र्यंबकराव, यशवंतराव आणि बाबूराव. मुलीही होत्या. घर भरलेलं होतं. १७२९ मध्ये खंडेराव गेले आणि उमाबाईंच्या आयुष्याची घडी विस्कटली.

*भांडण कशावरून?*

त्र्यंबकराव सेनापती झाले. पण तोवर साताऱ्याच्या दरबारात पेशव्यांचं वजन वाढलं होतं. गुजरातची चौथाई आणि सरदेशमुखी हा दाभाड्यांचा जुना हक्क. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा भाग, सरदेशमुखी म्हणजे वर आणखी दहावा भाग. १७३० मध्ये बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा फौज घेऊन गुजरातेत उतरले आणि त्यांनी मोगल सुभेदार सरबुलंदखानाकडून चौथाईचा करार परस्पर करून घेतला.

दाभाड्यांच्या घरात काय झालं असेल, याची कल्पना आपण करू शकतो. वडिलांनी मिळवलेलं दुसरा घेऊन जातोय, ही भावना. पेशव्यांच्या बाजूनेही म्हणणं होतं. राज्याचा कारभार एका हाती असावा, सेनापतीने वेगळी चूल मांडू नये. त्र्यंबकरावांनी निजामाशी संधान बांधल्यावर तर बाजीरावांचा संशय पक्का झाला. दोन्ही बाजूंकडे कागद होते आणि दोन्ही बाजूंना आपलंच खरं वाटत होतं. शाहू महाराज समेटासाठी निरोप पाठवत राहिले, पण फौजा निघाल्या होत्या.

आता या सगळ्यात डभोईचा शेतकरी कुठे होता, ते पाहू.

डभोईच्या भोवतालची काळी जमीन कापसाची. त्या दहा-बारा वर्षांत तिथल्या रयतेने किती धनी पाहिले! आज मोगल सुभेदार, उद्या त्याच्याविरुद्ध बंड करणारा हमीदखान, मग कंठाजी कदमबांडे, मग पिलाजी गायकवाड, मग पेशव्यांची माणसं. प्रत्येकजण हक्काने वसुली मागणार. पीक एकच, मागणारे अनेक. चौथाई देणाऱ्याला स्वारी आणि लूट यांपासून अभय मिळावं, हा त्या करामागचा अर्थ. पण चौथाई कुणाला द्यायची यावरच भांडण पेटलं, तर पैसे देऊनही अभय मिळत नाही.

अहमदाबादची गोष्ट याच काळातली. १७२५ च्या सुमारास शहर लुटलं जाण्याची वेळ आली, तेव्हा नगरशेठ खुशालचंद यांनी पदरचा पैसा देऊन फौजा परत फिरवल्या. शहरातल्या व्यापाऱ्यांनी कृतज्ञता म्हणून त्यांच्या घराण्याला मालाच्या जकातीत शेकडा चार आणे बांधून दिले. आजही त्यांचं नाव आदराने घेतात. पण विचार करा, आपल्याच घरात सुखाने झोपता यावं यासाठी एका शहराला पैसे मोजावे लागले. ज्या खेड्यांत खुशालचंद नव्हते, त्यांचं काय झालं असेल?

*१ एप्रिल १७३१*

त्र्यंबकरावांच्या बाजूला पिलाजी गायकवाड, उदाजी पवार, कंठाजी कदमबांडे अशी मोठी मंडळी होती. फौजही पेशव्यांपेक्षा मोठी. लढाई निकराची झाली. त्र्यंबकराव हत्तीवर बसून लढत होते आणि मागे हटायला तयार नव्हते. तेवढ्यात बंदुकीची गोळी लागून ते कोसळले. गोळी त्यांच्या मामाच्याच, म्हणजे ठोक्यांच्या बाजूची होती, असंही सांगतात. सेनापती पडल्यावर फौज उधळली. पिलाजी जखमी झाले आणि त्यांचा मोठा मुलगा सयाजी मारला गेला. उदाजी पवार कैद झाले.

जिंकलं कोण? इतिहासाच्या पुस्तकात बाजीराव. पण त्या दिवशी शाहू महाराजांच्या राज्यातले दोन्ही हात एकमेकांवर चालले होते. तळेगावात एक आई आणि सोनगडाकडे निघालेला एक जखमी बाप, दोघांनीही मुलगा गमावला होता. डभोईच्या शिवारात किती घरांत अशा आया होत्या, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

*तळेगावची भेट*

मुलाच्या मृत्यूची बातमी ऐकल्यावर उमाबाईंच्या संतापाला सीमा राहिली नाही. त्यांना बाजीरावांचा सूड हवा होता. आपण लगेच त्यांना दोष देऊ नये. पोटचं लेकरू गेलेल्या बाईला शांतीचा उपदेश करणं फार सोपं असतं, आणि फार क्रूरही.

शाहू महाराजांनी उपदेश पाठवला नाही. ते स्वतः उमाबाईंची समजूत घालायला तळेगावला गेले आणि बाजीरावांना सोबत नेलं. पिढ्यानपिढ्या सांगत आलेत ते असं, की महाराजांनी बाजीरावांना उमाबाईंच्या पायांवर डोकं ठेवायला लावलं, उमाबाईंच्या हातात तलवार दिली, आणि सूड घ्यायचाच असेल तर हा माणूस समोर आहे, असं सुचवलं.

उमाबाईंनी तलवार चालवली नाही.

या एका क्षणासाठी तरी त्यांना वंदन केलं पाहिजे. त्या क्षणी तलवार चालली असती तर पेशव्यांची माणसं तळेगावावर, दाभाड्यांची माणसं पुण्यावर, आणि पुन्हा गुजरातेत गावागावांवर गेली असती. एका आईने आपला हात आवरला, म्हणून हजारो घरांची चूल त्या वर्षी पेटत राहिली. एका माणसाच्या रागाला किंवा संयमाला किती माणसांचं आयुष्य बांधलेलं असतं, हे इथे दिसतं.

समेट झाला. सेनापतिपद धाकट्या यशवंतरावांना मिळालं. गुजरातचा कारभार दाभाड्यांकडे राहिला, पण निम्मा महसूल पेशव्यांमार्फत सरकारात जायचा ठरला. पिलाजींना सेनाखासखेल हा किताब मिळाला. यशवंतराव लहान, म्हणून सगळा भार उमाबाईंच्या खांद्यावर आला.

*घोड्यावरच्या उमाबाई*

पुढच्याच वर्षी, १७३२ मध्ये, मारवाडचा राजा आणि मोगलांचा गुजरातचा सुभेदार अभयसिंह याने डाकोरला पिलाजी गायकवाडांचा घात करवला. बोलणी करायला आलेल्या माणसांनीच खंजीर चालवला. रणछोडरायाच्या गावात हे घडलं. पाठोपाठ बडोदं अभयसिंहाच्या माणसांच्या हाती गेलं.

तेव्हा उमाबाई स्वतः फौज घेऊन निघाल्या. विधवा बाई, मुलाचं दुःख ताजं, आणि तळेगावहून अहमदाबादपर्यंतची मजल. सोबत पिलाजींचे पुत्र दमाजी आणि कंठाजी कदमबांडे होते. अहमदाबादेला वेढा पडला. अखेर अभयसिंहाला तह करावा लागला. चौथाई-सरदेशमुखी कबूल झाली आणि वर अहमदाबादच्या महसुलातून ऐंशी हजार रुपये द्यायचे ठरले. या पराक्रमाबद्दल शाहू महाराजांनी उमाबाईंच्या पायांत सोन्याचे तोडे घातले, असं सांगतात. १७३४ मध्ये बडोदं परत मिळालं आणि तेव्हापासून ते गायकवाडांकडे राहिलं.

आपल्याला अभिमान वाटतो, वाटायलाही हवा. पण सत्संगात बसणाऱ्या माणसाने दुसरी बाजूही पाहावी. ते ऐंशी हजार रुपये शेवटी कुणाच्या खिशातून आले? अहमदाबादच्या विणकराच्या, तेल्याच्या, वाण्याच्या. त्यांनी ना पिलाजींना मारलं होतं, ना त्र्यंबकरावांना. उमाबाई शूर होत्या, दानशूर होत्या, पण त्या आपल्या काळाच्याच होत्या. त्या काळच्या तहनाम्यात महसुलाचे वाटे लिहिले जात. रयतेला किती वर्षं निवांत नांगर धरता येईल, याचा रकाना त्यात नसे.

*राहिलेली सल*

वरवर सगळं शांत झालं. १७४० मध्ये बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडीला वारले. ज्या नदीच्या एका टोकाला त्र्यंबकराव गेले, तिच्याच काठावर वर त्यांचे प्रतिस्पर्धीही गेले. माई दोघांचीही.

पण तळेगावच्या वाड्यात एक सल तशीच राहिली होती. निम्मा गुजरात आपण खुशीने दिलेला नाही, दबावाखाली दिला, असं उमाबाईंना वाटत राहिलं. यशवंतरावांचं कारभारात लक्ष नव्हतं. कर्जं वाढली. शाहू महाराज होते तोवर ते झाकण धरून बसले होते. १५ डिसेंबर १७४९ ला महाराज गेले आणि झाकण निघालं.

नवे पेशवे नानासाहेब यांनी गुजरातच्या वाट्याची मागणी लावून धरली. नोव्हेंबर १७५० मध्ये उमाबाई त्यांना आळंदीला जाऊन भेटल्या. ज्ञानोबामाउलींच्या आळंदीला! वाटणी रद्द करा, एवढंच मागणं होतं. नानासाहेबांनी ते मान्य केलं नाही. दोघंही माउलींच्या गावातून रिकाम्या मनाने परतले. गाव पवित्र असलं तरी समेट आपोआप होत नाही, माणसांनाच तो करावा लागतो.

उमाबाई मग ताराबाईंच्या बाजूला गेल्या. ताराबाईंनी साताऱ्यात रामराजांना कैद केलं आणि पेशव्यांविरुद्ध उघड उभ्या राहिल्या. उमाबाईंनी दमाजी गायकवाडांना मोठी फौज देऊन पाठवलं. सुरुवातीला दमाजी जिंकले, मग साताऱ्याजवळ अडकले. बोलणी चालू असताना आपल्या छावणीवर छापा घातला गेला, ही सल मग गायकवाडांच्या घरात राहिली. दमाजी कैद झाले. मे १७५१ मध्ये उमाबाई आणि यशवंतरावही कैद झाले. सोन्याचे तोडे मिरवलेल्या सेनापतीणबाई पेशव्यांच्या कैदेत.

पुढे दमाजींनी निम्मा गुजरात द्यायचं मान्य केलं आणि ते सुटले. दाभाड्यांच्या हाती काही राहिलं नाही. वीस वर्षांपूर्वी डभोईला ज्या वाटणीवरून रक्त सांडलं, तीच वाटणी शेवटी झाली. उमाबाई २८ नोव्हेंबर १७५३ ला पुण्यात गेल्या. त्यांची समाधी तळेगावात आहे.

*आपल्यासाठी*

गुरुबंधूंनो, भगिनींनो, या चरित्रातून दोन गोष्टी घेऊ या.

पहिली जगाची. १२ नोव्हेंबर १९८४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने जाहीर केलं की शांततेत जगणं हा लोकांचा पवित्र हक्क आहे, आणि तो जपणं हे प्रत्येक राज्याचं मूळ कर्तव्य आहे. डिसेंबर २०१६ मध्ये असाच ठराव पुन्हा झाला. भिलापूरच्या शेतकऱ्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्यासाठी शांतता म्हणजे धन्याची कृपा, नाहीतर विकत घेतलेली चार दिवसांची सवलत. हक्क म्हटला की मागायला तोंड राहतं. आज जगात कुठेही दोन सत्ता भांडतात, तेव्हा कोण जिंकलं हे आपण बातम्यांत पाहतो. त्या वेळी एकदा तरी विचारू या, की ज्यांच्या शेतात, गल्लीत, शाळेत हे चाललंय, त्यांचं काय? त्यांनी तर भांडण मागितलं नव्हतं. आपली बाजू कितीही खरी वाटली, तरी हा प्रश्न विचारायचा.

दुसरी गोष्ट घरची. १७३१ चा समेट अर्धा राहिला, कारण वाटे ठरले पण मनं मोकळी झाली नाहीत. उमाबाईंनी तलवार खाली ठेवली, हे त्यांचं मोठेपण. पण त्यांच्यावर अन्याय झाला, हे कुणी पुरेसं ऐकून घेतलं असं दिसत नाही. मुलगा गेला त्याच्या बदल्यात दुसऱ्या मुलाला पद आणि निम्मा महसूल, एवढ्यावर प्रकरण मिटलं असं धरलं गेलं. न ऐकलेलं दुःख वीस वर्षांनी फौज होऊन साताऱ्याच्या वाटेने निघालं.

आपल्या घरांतही वाडा, शेत, फ्लॅट, आईचे दागिने यांवरून वाटण्या झालेल्या असतात. कागदावर सह्या होतात, पेढे वाटले जातात, आणि दोन भाऊ पुन्हा एका पंगतीत बसत नाहीत. कुटुंबाच्या ग्रुपवर सुविचार पाठवतात, पण एकमेकांचा मेसेज उघडत नाहीत. मुलं हे सगळं बघत असतात. आजोबांचं भांडण नातवाला वारशात मिळतं, त्याने ते मागितलेलं नसताना. डभोईच्या रयतेसारखंच.

म्हणून या गुरुवारी एक छोटी सेवा करू या. ज्यांच्याशी आपलं बोलणं बंद आहे, अशा एका नातेवाइकाला फोन करायचा. हिशोब काढायचा नाही, कोण बरोबर ते ठरवायचं नाही. त्यांना काय लागलं, ते फक्त ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही. जमलं तर सांगायचं की ऐकलं. आपण दुखावलेले असू, तर घाईने माफ करण्याचा आग्रह स्वतःवर धरू नका. पण आपल्या रागाची किंमत ज्यांनी काही केलं नाही त्यांना मोजावी लागू नये, एवढा संकल्प करा.

आणि पुढच्या वेळी गरुडेश्वरला जाताना भिलापूर आलं की गाडीतलं बोलणं क्षणभर थांबवा. त्र्यंबकराव, पिलाजींचा सयाजी, दोन्हीकडचे बिननावाचे शिपाई, आणि त्या वर्षी ज्यांचं उभं पीक तुडवलं गेलं ती घरं, या सगळ्यांसाठी एकदा दत्तनाम घ्या. मग पुढे निघा. नर्मदामाई वाट बघतेय.

जय गुरुदेव 🙏